रात्रभर काम जमतं, मग बिल करायला पाच मिनिटं का नाहीत?

‘मनात आणलं तर याला सगळं जमतं, पण मनात आणेल तर शपथ!’ मोठ्यांच्या एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष आणि चंचलता आवरता न येण्याच्या मेंदूच्या त्रासाबद्दल, बोलायला आलेल्या घरांतून हे वाक्य मी सारखं ऐकते. त्याच्या पोटात एक खरी शंका असते, म्हणून त्यातलंच एक जोडपं इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीचे, घरून काम करणारे ग्राफिक डिझायनर. आवडीचं काम हाती आलं की तहानभूक हरपून पहाटेपर्यंत बसणार. काम वेळेत पोचतं, ग्राहक खूश होतो, आणि बिल तेवढं पाठवायचं राहून जातं. त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. ‘बिल’, ‘बिल नवीन’, ‘बिल फायनल’, ‘बिल फायनल खरं’ अशा फायली होत्या. प्रत्येकीत ग्राहकाचं नाव, तारीख व्यवस्थित, आणि रकमेची जागा कोरी. केलेल्या कामाचे पैसे केवळ मागितले नाहीत म्हणून अडकलेले.

‘रात्रभर बसता येतं ना? मग याला एडीएचडी कसा असेल?’ पत्नीने विचारलं. ‘मला तर हा शुद्ध आळस वाटतो.’ त्यावर ते खाली बघत म्हणाले, ‘मलाही तसंच वाटतं.’

एडीएचडीत लक्ष लागतच नाही असं नसतं. ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवता येत नाही, आणि एकदा चिकटलं की सोडवता येत नाही. काम आवडीचं असलं, नवं असलं किंवा मुदत डोक्यावर आलेली असली की मेंदूची गाडी आपसूक सुरू होते. नुसतं महत्त्वाचं असलं तर होत नाही. यामागे डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांवर चालणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणांचा मोठा वाटा आहे असं मानतात. बिल करायला हवं हे त्या गृहस्थांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते ठाऊक असणं आणि हात चालू होणं यांमधला दुवाच कच्चा होता. आणि आळशी म्हणावं तर आळशी माणूस काम टाळून निवांत झोपतो. हे न केलेल्या बिलांपायी रात्री तळमळत.

अर्थात तळमळ म्हणजे निदान नव्हे. चालढकल कोण करत नाही? मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून ‘मलाही एडीएचडी आहे’ म्हणत येणारेही पुष्कळ असतात. म्हणून मी आधी विचारते, हे कधीपासून? २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेतल्या निकषांप्रमाणे काही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात, तीही घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी. मोठेपणी लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या, अशा कुठल्याही एका गटाच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ पुरतात, पण त्यांनी रोजचं आयुष्य खरोखर अडायला हवं.

त्यांच्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलले. ‘छत्री, वही, चप्पल, काही ना काही शाळेत राहायचंच. पण मार्क चांगले, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.’ हुशार मुलं अशीच निसटतात. शाळेत वेळापत्रक दुसरे आखतात, आई मागे असते. स्वतःचा धंदा सुरू केला की ते टेकू जातात.

पुढचं काम मनोविकारतज्ज्ञांचं. रक्ततपासणी किंवा स्कॅन करून एडीएचडीचं निदान होत नाही, पण थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंता यांतही लक्ष उडतं, ते आधी तपासावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची प्रश्नावली चाळणी म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही. तज्ज्ञांनी निदान पक्कं केलं आणि रक्तदाब, नाडी बघून मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू केलं. गोळीने बसणं सोपं झालं. बिल मात्र गोळी करत नाही.

म्हणून कामाची पद्धत बदलली. बिल तयार असल्याशिवाय अंतिम फाइल पाठवायची नाही. जुन्या बिलांसाठी आठवड्यातला एक तास ठरला. तेवढा वेळ पत्नीने त्याच खोलीत आपलं काम करायचं, विचारायचं काही नाही. दुसरं कुणी शेजारी असलं की अनेकांना काम सुरू करणं सोपं जातं. तिलाही ते हवंच होतं. ‘मी याची बायको आहे की वर्गाची मॉनिटर?’ असं ती एकदा वैतागून म्हणाली होती. ‘पण आजार म्हटल्यावर आता मी रागवायचंही नाही का?’ रागवा की! कारण कळलं म्हणून जबाबदारी टळत नाही. उशिराचा भुर्दंड त्यांच्याच खिशातून जाईल, असं तिघांनी मिळून ठरवलं. काही आठवडे तो तास पार बुडतो, मग पुन्हा सुरू होतो.

अलीकडे पत्नीने मुलीबद्दल विचारलं. ‘हे आनुवंशिक असतं ना?’ असतं, बरंच. अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. पण तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दलचा आहे. मुलीला होण्याची शक्यता तेवढी, असा त्याचा अर्थ नाही. मुलगी वर्गात कशी असते हे बाईंना विचारा, असं मी सांगितलं. धावपळ न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली हमखास नजरेतून सुटतात, म्हणून दंग्याबद्दल नको, अर्धवट राहिलेल्या वह्यांबद्दल विचारा.