एफडी मोडून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यावा का?

प्रश्न (नाशिकचे एक वाचक, वय ५४, खासगी नोकरी, घरात एकटे कमावते): हातात पगार ९२ हजार येतो. घरखर्च ५५ हजार, गृहकर्जाचा हप्ता २१,५०० (अजून तीन वर्षं), एसआयपी ८ हजार. सहा लाखांची एकच एफडी आहे. मुलीची शेवटच्या सत्राची ६० हजार फी जूनमध्ये भरायची आहे. वडिलांच्या दीडशे-दोनशे रेकॉर्ड्स आहेत, बहुतेक ख्यालगायकी. त्यासाठी ३००बी व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी), आठ वॉटचा अँप्लिफायर पसंत केला आहे. किंमत २ लाख ३५ हजार, रोखीने घेतला तर २ लाख २० हजार, नाहीतर बारा महिन्यांचा ‘बिनव्याजी’ हप्ता. एफडी मोडू की हप्ते करू? भाचा न्यू जर्सीहून जुना अँप्लिफायर आणायलाही तयार आहे. स्पीकर आहेत तेच ठेवणार, ८५ डेसिबलचे बुकशेल्फ.

उत्तर:

नमस्कार. हौसेला मोल नाही म्हणतात. तुमच्या हौसेचं मोल मात्र कोटेशनवर छापलेलं आहे, आणि ते पुरं नाही. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महागडी वाटलेली ओळ शेवटची आहे, स्पीकरची.

३००बी हा व्हॉल्व्ह अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० च्या दशकात आणला आणि तो सिनेमागृहांच्या अँप्लिफायरमध्ये नाव कमावून गेला. एवढ्याशा वॉटमध्ये अख्खं थिएटर कसं भरायचं? कारण पडद्यामागचे भोंग्याचे स्पीकर थोड्या ताकदीत प्रचंड आवाज देत. तुमचे स्पीकर नेमके उलट्या जातीचे आहेत. स्पीकरचे डेसिबल म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती आवाज देतो त्याचं माप. ते तीनने कमी झालं की लागणारी ताकद दुप्पट होते. म्हणजे ९१ डेसिबलच्या स्पीकरवर आठ वॉट जे करतील, त्यासाठी तुमच्या ८५ च्या स्पीकरला ३२ वॉट लागतील. विलंबित बंदिश हळू आवाजात छान वाजेल, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येईल. द्रुत सुरू झाली, तबल्यावर जोरात थाप पडली की तीच थाप उशीखाली दाबल्यासारखी येईल. मग दोन महिन्यांत तुम्ही नवे स्पीकर बघायला निघाल. आमच्या सल्लागारीच्या धंद्यात आम्ही हे घर घेणाऱ्यांच्या बाबतीत रोज बघतो: फ्लॅटचं बजेट असतं, फर्निचरचं नसतं.

आता पैसे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ७६,५०० जातात. एकट्याची कमाई, खासगी नोकरी, वय ५४. सहा महिन्यांची गंगाजळी हवीच, ती झाली ४ लाख ५९ हजार. त्यात फीचे ६० हजार. सहा लाखांतून हे वजा केलं की उरतात ८१ हजार. एफडी तुम्हाला सहा लाखांची दिसते, हौसेसाठी ती ८१ हजारांचीच आहे.

हप्त्याचं म्हणाल तर ‘बिनव्याजी’ हा शब्द विसरा. रोखीची १५ हजारांची सूट सोडायची म्हणजे २ लाख २० हजारांचं कर्ज घेऊन १९,५८३ चे बारा हप्ते फेडायचे. त्याचं व्याज वर्षाला १२ टक्क्यांच्या वर पडतं, प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्येच बँकांना या शून्य टक्के प्रकारावरून टोकलं होतं. शिवाय तुमच्याकडे महिन्याला उरतात ७,५००. बाकीचे बारा हजार कुठून आणणार? एसआयपी पूर्ण थांबवली तरी चार हजार कमीच पडतात.

घेतल्यानंतरचा खर्चही धरा. तुमच्या कोटेशनमध्ये राखीव व्हॉल्व्हच्या जोडीचे २८ हजार लिहिलेत. रोज तीन तास ऐकलंत तर वर्षाला अकराशे तास होतात. जोडी तीन ते पाच हजार तास टिकते असं धरून चाला. म्हणजे वर्षाला साधारण आठ हजार. वीज त्या मानाने किरकोळ.

भाच्याला मात्र नको म्हणा. ही चूक मी स्वतः केलेली आहे. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्ट उतरवायला मी वेगळा ट्रान्सफॉर्मर आणला, पण त्याने हर्ट्झ बदलत नाहीत. ६० हर्ट्झपुरताच बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर इथे तापतो आणि गुणगुणतो. तानपुऱ्याच्या जोडीला ती गुणगुण फुकट मिळाली. वर, लोखंडामुळे असा अँप्लिफायर सहज वीस-पंचवीस किलोचा भरतो, बिघडला तर तो उचलून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला कोण नेणार? आणि घरी कुणी झाकण उघडून बघायचं नाही. आत चारशे व्होल्टच्या आसपास असतात, बटण बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात.

माझं मत: व्हॉल्व्हचा घ्या, पण ३००बी नको आणि आत्ता नको. ईएल३४ या दुसऱ्या व्हॉल्व्हचा, पुश-पुल पद्धतीचा (म्हणजे व्हॉल्व्ह जोडीने काम वाटून घेतात), पस्तीस-चाळीस वॉटचा अँप्लिफायर एक ते दीड लाखात बघा. तुमच्या आहे त्या स्पीकरला तो पुरतो, आणि त्याचे व्हॉल्व्हही ३००बीपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि सहज मिळणारे. ३००बीचा तो मधाळ आवाज याच्यात तंतोतंत नाही, हे कबूल. पण दबलेल्या तबल्यापेक्षा हा सौदा मला बरा वाटतो. महिन्याचे ७,५०० रिकरिंगमध्ये टाका. नऊ महिन्यांत साडेसदुसष्ट हजार होतील, ८१ हजार धरून दीड लाखाच्या जवळ पोचता.

दुकानदाराला अँप्लिफायर घरी आणून दाखवायला सांगा. तुमचे स्पीकर, तुमची खोली, वडिलांची एखादी द्रुत लयीची रेकॉर्ड. दुकानात तो स्वतःचे ९५ डेसिबलचे स्पीकर लावेल, तिथे काहीही गोडच वाजतं. बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती वीज जावी याची जुळणी, कोण लावून देणार, नाशिकात की मुंबईला पाठवावं लागणार, हे बिलाच्या आधी विचारा.

एफडीची पावती कधी पुरी होते ते तुम्ही कळवलेलं नाही. आपोआप नूतनीकरणाची खूण असेल तर त्याआधी बँकेत जाऊन ती काढून घ्या, आणि सहा लाखांची एक करण्याऐवजी लाखाच्या सहा पावत्या करा. पुढच्या वेळी थोडक्या पैशांसाठी सगळी मोडायला नको.