क्यूब मशीनचा बर्फ दुधाळ येतोय, वास मारतोय, उत्पादन निम्म्यावर आलंय: गॅस भरून घेऊ की मशीन साफ करू?

आधी साफ करा. गॅसचे पैसे आत्ता कुणालाही देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की शिर्डी रस्त्यावर ज्यूस आणि आइस्क्रीमचं दुकान आहे, पाणी बोअरचं आहे, मशीन बाहेरून रोज पुसलं जातं पण आतून कधीच उघडलेलं नाही. बर्फ बारीक आणि पांढरट पडतोय, कुबट वास येतोय आणि मेकॅनिक म्हणतोय की गॅस कमी झालाय. मी हॉटेलांच्या किचनमधली रेफ्रिजरेशनची कामं करतो. बोअरच्या पाण्यावर चालणारं आणि आतून न धुतलेलं मशीन बहुतेक वेळा नेमकं असंच वागतं.

गॅसचं आधी सांगतो, कारण लोकांचे पैसे इथेच फुकट जातात. मशीनमधला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, वापरून तो संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरला तर काही दिवसांनी पुन्हा तेच. शिवाय या मशीनमध्ये गॅस फार थोडा असतो. नेमका किती आणि कुठला, हे मागच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं आणि तो वजनकाट्यावरच भरावा लागतो. अंदाजाने ‘थोडा टॉप-अप’ केला की चांगलं चाललेलं मशीनही बिघडतं. पट्टीवर आर २९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे ज्वालाग्राही. त्याची माहिती नसलेल्या माणसाला डाग देण्याची पेटती टॉर्च घेऊन जवळ येऊ देऊ नका.

खरंच गॅसची शंका घ्यायची कधी? बर्फ तयार होताना आतल्या थंड पत्र्यासमोरचा (ज्यावर बर्फ जमतो त्या पत्र्यासमोरचा) प्लास्टिकचा पडदा उचलून पाहा. पत्र्याच्या एका टोकाला बर्फ जाड आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाहीच, असं दर फेरीला दिसत असेल, तर गॅस किंवा एक्स्पान्शन वाल्व्ह (पत्र्याकडे किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) तपासायला हवा. पण बर्फ सगळीकडे सारखा जमतोय आणि वेळेवर सुटत नाही, अर्धवट पडतो, किंवा पडायलाच फार वेळ घेतो, तर पत्र्यावर क्षार बसलाय.

आता बर्फ दुधाळ का होतो ते बघा. अशा मशीनमध्ये पंप पाणी वर चढवतो, ते थंड पत्र्यावरून सतत खाली वाहतं आणि पत्र्यावर थराथराने गोठत जातं. गोठताना आधी शुद्ध पाणी बर्फ होतं, क्षार आणि हवा वाहत्या पाण्यात मागे राहतात. म्हणून चांगल्या मशीनचा बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो. खालच्या ट्रेमधलं पाणी मात्र प्रत्येक फेरीत जास्त जास्त क्षारट होत जातं, आणि मशीन ते ठरावीक वेळी ड्रेनमध्ये सोडून नवीन पाणी घेतं. ज्या वाल्व्हमधून ते सोडलं जातं, त्यातच क्षार अडकला तर जुनं पाणी पूर्ण जात नाही. मग तेच दाट पाणी पुन्हा पुन्हा गोठतं. पत्र्यावर पाणी पसरवणाऱ्या वरच्या वाटप-नळीची भोकं बुजली की पत्र्याच्या काही भागाला पाणीच पोचत नाही आणि क्यूब बारीक किंवा पोकळ पडतात. तुमचं मशीन खालून कारंजासारखं पाणी उडवणारं असेल तर हाच प्रकार त्याच्या तोट्यांच्या बाबतीत होतो. पाणी आत येतं त्या वाल्व्हमध्ये एक बारीक जाळी असते, तीही काढून बघा. बोअरच्या रेतीने ती हमखास भरलेली असते.

वासाची गोष्ट वेगळी. तो क्षाराचा नाही, जिवंत गोष्टींचा आहे. पडद्याच्या मागच्या बाजूला, ट्रेच्या कोपऱ्यात, बर्फाच्या पेटीच्या छताला बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, गुलाबी किंवा काळपट दिसलं, तर ते जिवाणू आणि बुरशी आहेत. थंडीने जंतू मरतात हा समज पूर्ण चुकीचा आहे. बरेचसे जंतू बर्फात नुसते थांबून राहतात आणि ग्लासात बर्फ वितळला की पुन्हा वाढायला मोकळे होतात. तुमच्याकडे लहान मुलं ज्यूस प्यायला येतात, प्रवासातली म्हातारी माणसं येतात. भाजी आपण शिजवतो, बर्फ तसाच पोटात जातो. म्हणून या कामात मला टाळाटाळ सहन होत नाही.

थोडक्यात, आत दोन प्रकारची घाण आहे आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत. क्षार आम्लाने विरघळतो, पण त्याने निर्जंतुकीकरण होत नाही. जंतू क्लोरीनने मरतात, पण क्लोरीन क्षाराला हात लावत नाही, आणि क्षाराच्या खडबडीत थराखाली दडलेल्या जंतूंपर्यंत ते पोचतही नाही. म्हणून आधी क्षार, मग जंतू, हाच क्रम. आणि हे दोन्ही द्रव कधीही, चुकूनही, एकत्र करायचे नाहीत. आम्ल आणि हायपोक्लोराइट (म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं द्रव) एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो. बादली वेगळी, ब्रश वेगळा, मध्ये भरपूर साधं पाणी. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, दार उघडं.

क्षारासाठी बाथरूमचं ॲसिड वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. पत्र्यावर बहुतेक मशीनमध्ये निकेलचा मुलामा असतो. हे आम्ल निकेलही खातं आणि स्टेनलेस स्टीलही. मुलामा सुटायला लागला की त्याचे कण बर्फात येतात, बर्फ चिकटायला लागतो आणि मग तो पत्रा बदलण्याशिवाय इलाज उरत नाही. मशीनमधला तो सगळ्यात महागड्या भागांपैकी एक आहे. निकेलला चालणारं डिस्केलर, म्हणजे ज्याच्या लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, तेच घ्या. ते साधारणपणे सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाचं असतं. किती घालायचं ते लेबलवर आणि मशीनच्या पुस्तिकेत असतं, त्याहून जास्त घालून काम लवकर होत नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व हेही सायट्रिक ॲसिडच. सुटे काढलेले प्लास्टिकचे भाग भिजवायला लिटरभर कोमट पाण्यात ३०-४० ग्रॅम टाकून ते छान चालतं. पत्र्यासाठी मात्र कंपनीने सांगितलेलंच.

कामाला दिवसाचा गर्दी नसलेला भाग निवडा. चालू फेरीतला बर्फ पडला की मशीन थांबवा. पत्र्यावर उरलेला बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने किंवा सुरीने खरवडू नका, आपोआप वितळू द्या. पेटीतला सगळा बर्फ फेकायचा, ‘थोडा वापरून टाकू’ नको. त्या दिवशी बाहेरून बर्फ आणणार असाल तर तो खाण्याचा आहे याची खात्री करा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंग घालून ओळखू येईल असा ठेवायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो याच कारणासाठी, माशांच्या पेट्यांवर घालायचा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून.

मग मशीनवरचं ‘क्लीन’ किंवा ‘वॉश’चं बटण. त्यात कॉम्प्रेसर बंद राहतो, नुसता पंप चालतो. ट्रेमध्ये नवीन पाणी भरलं की डिस्केलर घाला आणि फिरू द्या. मशीन पुढे स्वतःच काही वेळा पाणी बदलून खळखळ करतं. बटण नसेल तर पंप एकटा कसा चालवायचा ते मेकॅनिककडून एकदा समजून घ्या, तारा स्वतः काढू नका. तुमच्यासारख्या न उघडलेल्या मशीनला एका फेरीत सगळा थर जाणार नाही. दुसरी फेरी द्यायची, पण औषध दुप्पट करायचं नाही.

यानंतर प्लग काढा. नुसतं बटण बंद नको, प्लगच. पडदा, वाटप-नळी, फ्लोट (पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता भाग), ट्रे, बर्फाची जाडी ओळखणारी पट्टी, जे जे हाताने सुटतं ते सोडवा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बसवताना वाद होत नाहीत. हे सगळं डिस्केलरच्या पाण्यात भिजवून मऊ नायलॉन ब्रशने घासा. तारेची घासणी मशीनच्या जवळ आणायची नाही. नळीच्या आत बाटलीचा ब्रश घाला, क्षार तिथे जास्त असतो. आतल्या भिंतीही त्याच पाण्याने पुसा आणि मग स्वच्छ पाण्याने इतकं धुवा की शेवटच्या पाण्यात बुडवलेला पीएच कागद (आम्ल उरलंय का ते रंगाने दाखवणारा) तुमच्या नळाच्या पाण्याइतकाच रंग दाखवेल. चव घेऊन बघणारे लोक मी पाहिलेत, ते कृपया करू नका. कागदाची पट्टी स्वस्त मिळते.

आता जंतू. बिनवासाचं, बिनरंगाचं सोडियम हायपोक्लोराइट घ्या, फरशी पुसायचं सुगंधी नको. कॅनवर टक्केवारी वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर लिटरला ४ मिली म्हणजे साधारण २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग), १० टक्क्यांचं असेल तर २ मिली. आपल्याकडच्या उन्हात ठेवलेलं हायपो आपोआप उतरतं, म्हणून जुना अर्धवट कॅन वापरू नका आणि नवा सावलीत ठेवा. प्रमाण वाढवलं किंवा रात्रभर तसंच ठेवलं तर स्टील गंजतं. सुटे भाग या पाण्यात बुडवा, आतला प्रत्येक पृष्ठभाग, पेटीचं दार, दाराचं रबर, पेटीच्या तळातलं ड्रेनचं तोंड, सगळीकडे फवारा. दाराचं रबर लोक नेहमी विसरतात आणि बुरशी तिथूनच परत सुरू होते. भाग जोडून पुन्हा ‘क्लीन’ लावा आणि हेच पाणी पंपातून फिरवा, कारण पंपाच्या आत ब्रश जात नाही. ते सोडून द्या. शेवटी साध्या पाण्याने धुवायचं की नाही हे पुस्तिकेत असेल तसं करा. धुवायचं असेल तर पिण्याचंच पाणी वापरा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ टाकून द्यायचा.

हे झालं की दोन-चार दिवसांत बर्फाचं उत्पादन सुधारेल, पण पाणी तेच राहिलं तर क्षार पुन्हा येणारच. बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतो, कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) वेगळा सांगत नाही, आणि पत्र्यावर बसतो तो कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात कठीणपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत सवलत. मशीनसाठी हा सवलतीचा आकडा खूप जास्त आहे. रेती अडवायला गाळणी, वासाला कार्बन फिल्टर, क्षाराला योग्य फिल्टर किंवा आरओ, असं करावं लागेल. आरओ लावताना एक गोष्ट बघा. काही मशीनमध्ये बर्फाची जाडी पाण्यातून वीज वाहते की नाही यावरून ओळखली जाते. पाणी अगदीच निःक्षार केलं तर ती पट्टी गोंधळते, म्हणून थोडे क्षार राहू द्यायचे. आणि कार्बन किंवा आरओने क्लोरीन निघून गेलं की पुढच्या टाकीत जंतूंना अडवणारं काही उरत नाही. ती टाकीही मशीनबरोबर धुतली पाहिजे.

उत्पादन कमी होण्याचं आणखी एक मोठं कारण म्हणजे गरम हवा. मशीनवर लिहिलेला किलोचा मोठा आकडा बहुतेक वेळा २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून काढलेला असतो. तुमच्याकडे मे महिन्यात चाळीसच्या पुढे पारा असतो आणि छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तेवढा बर्फ तेव्हा मिळणार नाही, त्यात कुणाचा दोष नाही. पण कंडेन्सरची (मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी धूळ आणि तेलाने भरलेली असेल तर उरलंसुरलं उत्पादनही जातं. ही जाळी दर आठ-पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, आतल्या पातळ पात्या मऊ ब्रशने उभ्या दिशेत झाडा, आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. वॅफल मेकर किंवा फ्रायरच्या शेजारून ते हलवाच.

आतली पूर्ण सफाई किती दिवसांनी, हेही तुम्ही विचारलंय. बहुतेक कंपन्या किमान सहा महिन्यांनी सांगतात. तुमच्या पाण्यावर दोन-तीन महिन्यांनी करा. पेटी आणि स्कूप मात्र जास्त वेळा. स्कूप बर्फात पुरून ठेवू नका, मूठ बर्फाला लागते. बाजूला स्वच्छ डब्यात ठेवा, रोज धुवा. काचेच्या ग्लासाने बर्फ कुणालाही काढू देऊ नका. कड तुटली तर ती काच बर्फात दिसत नाही, आणि मग सगळी पेटी रिकामी करून धुण्याशिवाय मार्ग नसतो. दुधाच्या पिशव्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या त्या पेटीत नकोत. ड्रेनचा पाइप गटारात थेट घुसवलेला असेल तर आजच वर उचला. पाइपाचं तोंड आणि गटाराची जाळी यांच्यात मोकळी जागा हवी, नाहीतर गटार तुंबल्यावर घाण पाणी उलटं पेटीत चढतं. तुमच्या वासाचं मूळ तिथेही असू शकतं.

पावसाळ्यात दुकान काही दिवस बंद ठेवत असाल तर पाण्याचा नळ बंद करा, ट्रे आणि पेटी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा, आणि प्लग काढून पेटीचं दार थोडं उघडं ठेवा. परत सुरू करताना क्षाराची फेरी नाही केली तरी चालेल, हायपोची मात्र करायचीच.