लाकडी मजल्यावर ग्रॅनाइट? आधी खालून कड्या बघा

प्रश्न : भाऊ, नमस्कार. नागपूरच्या महाल भागात आमचं जुनं घर आहे, वरची खोली १२ बाय १२ फुटांची, खाली सागवानी कड्या, म्हणजे मजला पेलणारी आडवी लाकडं, अन् वर फळ्या. कोणी चाललं की कपाटातली भांडी वाजतात. तिथं ग्रॅनाइट लावायचं ठरवलंय. मिस्त्री म्हणतो दोन इंच सिमेंट-वाळूचा मसाला टाकतो, वजनानं हलणं आपोआप बंद होईल. करून घेऊ का?

उत्तर : ताई, बिलकुल नका करू. दोन इंच मसाला अन् वर १८ एमएमचा ग्रॅनाइट म्हणजे एका चौरस फुटाला साधारण १४ किलो, तुमची खोली १४४ चौरस फुटांची, म्हणजे दोन टन झाले, अन् ते सगळं आधीच हलून राहिलेल्या कड्यांवर. वजनानं कडी आणखी लवते, ताठ होत नाही. वरून मसाल्याचं पाणी फळ्या पितात, फुगतात, मग सुकून आकसतात, आपल्याकडं मे महिन्यात लाकूड कसं आकसतं ते तुम्ही खिडक्या-दारांवरून बघतच असाल. दगडाला मात्र हे वाकणं-बिकणं जमत नाही, तो सरळ तडकतो.

पैसा वर नाही, खाली लावा. लाकडी मजल्यावर दगड लावायचा तर भार आल्यावर कडी तिच्या लांबीच्या ७२० व्या भागापेक्षा जास्त लवू नये असं धरतात, सिरॅमिक टाइलला ३६० वा भाग चालतो. १२ फुटी कडीला म्हणजे फक्त ५ एमएम. आधी भिंतीत शिरलेली कडीची टोकं बघा, जाड स्क्रूड्रायव्हर टोचून, आत घुसला तर उधळी (वाळवी) नाहीतर ओल लागलीय, तो तुकडा बदलल्याशिवाय पुढं जायचंच नाही. टोकं धड असतील तर प्रत्येक कडीला तेवढीच दुसरी कडी बोल्टनं जोडली की ताकद दुप्पट होते. पण खालच्या खोलीत दिसलेलं चालत असेल तर मधात आडवा लोखंडी गर्डर घ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कारण कडीची मोकळी लांबी अर्धी झाली की लवणं सोळाव्या भागावर येतं, एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. फक्त गर्डर ज्या भिंतींवर टेकणार त्या जुन्या विटांच्या आहेत, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणाच, मिस्त्रीच्या अंदाजावर हे काम सोडू नका.

उड्या मारून भांडी वाजली नाहीत की मग वरचं काम. फळ्या कड्यांना स्क्रूनं आवळा, खिळे नको, ते सैल होऊन करकरतात. वर १९ एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, त्यावर १२ एमएमचा दुसरा थर, दोन्हींचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, शीटांमध्ये ३ एमएम फट अन् भिंतीकडनं बोटाच्या जाडीएवढी जागा मोकळी. सुतार ही फट हमखास बुजवतो, बसून राहा तिथं. प्लायवर अनकपलिंग मेम्ब्रेन, ही प्लॅस्टिकची पातळ चादर असते, म्हणजे खालचं लाकूड थोडं सरकलं तरी दगडाला ओढ लागत नाही. चिकटवायला पॅकेटवर एस१ लिहिलेलं फ्लेक्सिबल अ‍ॅडहेसिव्हच, साधं सिमेंट नाही. ग्रॅनाइट १० एमएमचा, एक बाय एक फुटाचा घ्या, मोठे स्लॅब दिसतात छान पण लाकडावर तेच आधी फुटतात. भिंतीकडची फट ग्राउटनं (सांधे भरायच्या सिमेंटनं) नाही, सिलिकॉननं भरा अन् वर स्कर्टिंग लावा, दिसत नाही.

काम शक्यतो दिवाळीनंतर काढा. भर उन्हाळ्यात लाकूड सगळ्यात कोरडं असतं, तेव्हा घट्ट बसवलेलं जुलैत फुगून वर उचलतं.

प्रश्न : त्याच घरातल्या लाकडी जिन्याच्या पायऱ्यांवरही उरलेला ग्रॅनाइट लावता येईल का?

उत्तर : नका लावू. पायरी प्रत्येक पावलाला लवते, अन् दुसरं म्हणजे सगळ्या पायऱ्या २० एमएमनं वाढल्या की सगळ्यात खालची तेवढी उंच होते, वरची तेवढी बुटकी. रात्री लाइट गेल्यावर घरातलं म्हातारं माणूस नेमकं तिथंच अडखळतं. सागवान आहे, घासून पॉलिश करा, कडेला रबराची पट्टी लावा, झालं.