टूरिंग कार रेसिंगमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या सुधारून होणाऱ्या शर्यतींत, सगळ्यात कमी कदर झालेला खासगी (कार कंपनीच्या टीमबाहेरचा) ड्रायव्हर कोण? आणि मुंबईत राहून, स्वतःच्या पैशाने ही रेसिंग करता येईल का?

रॉब ग्रॅव्हेट. माझ्याकडे दुसरं नाव नाही.

हा विषय निघाला की लोक मॅट नीलचं नाव घेतात. १९९९ मध्ये डॉनिंग्टनला खासगी टीमच्या निस्सान प्रिमेरामध्ये तो सगळ्या कंपनीच्या गाड्यांच्या पुढे पहिला आला. अशी शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या खासगी ड्रायव्हरसाठी ठेवलेलं अडीच लाख पौंडांचं बक्षीस त्याने उचललं आणि तो चेक सगळ्यांच्या लक्षात राहिला. नील मोठा ड्रायव्हर आहे, वादच नाही. पण पुढे २००५, २००६ आणि २०११ असा तीनदा तो ब्रिटिश चॅम्पियन झाला, त्याची कदर व्हायची राहिलेली नाही. ग्रॅव्हेटने १९९० मध्ये स्वतःच्याच टीमच्या गाडीत एक शर्यत नाही, आख्खी ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकली. आणि त्याच्याबद्दल काय बोललं जातं? ‘आरएस५०० (त्याची फोर्ड गाडी) होती म्हणून जिंकला.’

हे वाक्य साफ चुकीचं आहे. मुंबईत पैसे घालून रेस करू पाहणारी पोरं याच वाक्याने फसतात, म्हणून जरा लांब लिहितो.

फोर्ड सिएरा आरएस५०० म्हणजे ग्रुप ए (रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेला रेसिंगचा वर्ग) मधली त्या काळातली सगळ्यात ताकदवान गाडी. ५००० साध्या कॉसवर्थ सिएरा आधी बनल्या, मग नियमाप्रमाणे सुधारित अशा ५०० गाड्या १९८७ मध्ये टिकफर्डकडून करून घेतल्या. इंजिन १९९३ सीसीचं. ब्लॉक जाड भिंतींचा, टर्बो मोठा, इंटरकूलर मोठा. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. रस्त्यावरच्या गाडीत इंजेक्टरची दुसरी रांग बसवलेली असायची, म्हणजे चारऐवजी आठ इंजेक्टर, पण त्या जादा चारांना जोडणीच नव्हती. ग्राहकाने पैसे मोजले आणि ते चार इंजेक्टर जन्मभर कोरडे राहिले. ते फक्त रेसच्या गाडीला कायदेशीर करायला होते. रस्त्यावर २२४ हॉर्सपॉवर देणारी ही गाडी रेसमध्ये ५०० च्या वर जायची.

आता हिशेब बघा. १९८७ ला चॅम्पियन कोण? टोयोटा कोरोलावाला ख्रिस हॉजेट्स. १९८८ ला बीएमडब्ल्यू एम३ मधला फ्रँक सायटनर. १९८९ ला व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रामधला जॉन क्लेलँड. रेस पुढे राहून जिंकायची सिएरा आणि वर्षाच्या शेवटी कप न्यायची लहान गाडी. कारण गाड्यांचे इंजिनच्या आकाराप्रमाणे वर्ग असायचे आणि गुण वर्गाप्रमाणे मिळायचे. लहान वर्गात एकटा पुढे असलेला माणूस दर वेळी पूर्ण गुण घ्यायचा आणि वरच्या वर्गात सिएरावाले एकमेकांचेच गुण खायचे. अँडी राउझ स्वतः आरएस५०० बांधायचा, विकायचा आणि चालवायचा. चार वेळचा चॅम्पियन. त्यालासुद्धा या गाडीत एकही टायटल मिळालं नाही. या गाडीने ब्रिटनमध्ये ड्रायव्हरची चॅम्पियनशिप एकदाच जिंकली, १९९० ला, आणि स्टिअरिंगवर ग्रॅव्हेट होता. गाडीच जिंकत असती तर तीन वर्षं आधी का जिंकली नाही?

आता माझा खरा मुद्दा. ग्रॅव्हेट आणि त्याचा भागीदार माइक स्मिथ यांची टीम होती ट्रॅकस्टार. हा स्मिथ म्हणजे बीबीसीचा प्रसिद्ध निवेदक. १९८८ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या टूरिस्ट ट्रॉफीला ऑस्ट्रेलियाहून डिक जॉन्सन आपली सिएरा घेऊन आला आणि इंग्रजांच्या घरात पोल (सगळ्यात वेगवान लॅपमुळे मिळणारी सुरुवातीची पहिली जागा) घेऊन बसला. रेस राउझ आणि अ‍ॅलन फर्टे जिंकले, जॉन्सनची गाडी बिघडली. निकाल बघणाऱ्याला जॉन्सन हरलेला दिसला. ग्रॅव्हेटला दिसलं की एका लॅपमध्ये ही गाडी बाकी सगळ्यांपेक्षा पुढे आहे, म्हणजे कोणीतरी सिएराचं कोडं सोडवलंय. ट्रॅकस्टारने ती गाडी विकत घेतली.

ते कोडं माझ्या मते मागच्या टोकाचं. सिएराचं मागचं सस्पेन्शन सेमी-ट्रेलिंग आर्मचं. जोरात गॅस दिला की गाडीचं ढुंगण खाली बसतं. ते बसलं की मागच्या चाकांचा कॅम्बर (उभा कल) उणे बाजूला सरकतो, म्हणजे चाक वरून आत झुकतं, टो (चाकाची डावी-उजवी दिशा) सुद्धा हलतो आणि टायर आतल्या कडेवर उभा राहतो. आता या आतल्या दोन-तीन बोटं रुंद पट्टीवर ५०० हॉर्सपॉवर उतरवा. पाच-सहा लॅपमध्ये कड तापून गुळगुळीत होते, मग गाडी प्रत्येक वळणातून शेपूट काढते आणि मागचा माणूस पुढे जातो. त्यात टर्बो मोठा, म्हणजे तुम्ही गॅस देता तेव्हा काही होत नाही आणि थोड्या वेळाने सगळं एकदम होतं. चांगल्या सिएरा ड्रायव्हरला वळणाच्या मध्यातच, गाडी वाकडी असतानाच गॅस सुरू करावा लागतो, म्हणजे ताकद येईपर्यंत गाडी सरळ झालेली असते. पाव सेकंद लवकर दिला की टायर गेले, उशिरा दिला की सरळ रस्ता वाया गेला. हे बरोबर सेट केलेल्या गाडीतच शिकता येतं. ज्या गाडीचं मागचं टोक दर लॅपला वेगळं वागतं तिच्यात माणूस शिकत नाही, नुसता घाबरतो.

म्हणून ती खरेदी महत्त्वाची. एक पूर्ण सिद्ध झालेली गाडी उघडून, मोजून, चालवून त्यांनी १९८९ काढलं आणि १९९० ला कप आणला. राउझकडे अनुभव जास्त, सिएराचं ज्ञान जास्त, तरीही.

१९९१ ला नियम बदलले. सगळ्यांना दोन लिटर, टर्बो बंद. आरएस५०० एका हिवाळ्यात भंगार झाली. ट्रॅकस्टारने स्वतः सिएरा सफायर बांधली, ताकद जवळपास निम्मी, तुलनेला समोर आधीची सिद्ध गाडी नाही. ती चालली नाही. त्या वर्षी कोण जिंकलं? विल हॉय, बीएमडब्ल्यू एम३ मध्ये, म्हणजे जी गाडी १९८७ पासून जगभरच्या ट्रॅकवर घासून तपासली गेली होती तिच्यात. गेल्या वर्षीचा चॅम्पियन नवीन बांधलेल्या गाडीत बुडाला, ड्रायव्हर तोच असताना. मग ग्रॅव्हेट पूजोसाठी चालवू लागला आणि १९९७ मध्ये होंडा अकॉर्डमध्ये, ग्रॅहम हॅथवेच्या टीमकडून, खासगी ड्रायव्हरांचा कप जिंकला. पुन्हा बघा, होंडाने आधीच वर्षभर पळवून पक्की केलेली गाडी.

मुंबईतल्या रेसिंगच्या गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षं एक वाद चालतो: गाडी बांधायची की घ्यायची. बांधणाऱ्यांचा पक्ष मोठा आहे. त्यांचं म्हणणं, कुर्ल्याहून शेल (गाडीची रिकामी बॉडी) आणा, ऑपेरा हाउसहून माल आणा, केज (ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा सांगाडा) वेल्ड करून घ्या, निम्म्या पैशात गाडी उभी राहते. उभी राहते, खरं आहे. पळत नाही. पहिला सीझन ती का पळत नाही हे शोधण्यात जातो आणि खासगी माणसाकडे पैसे एकाच सीझनचे असतात. माझं मत ठाम आहे: पहिली गाडी घ्या, दुसरी बांधा. ग्रॅव्हेटचं करिअर हाच त्याचा पुरावा.

घेताना काय बघायचं ते सांगतो. आधी लॉगबुक (गाडीच्या रेसची नोंदवही) आणि केजचे कागद. कागद नसलेली केज म्हणजे नुसते पाइप, स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, गाडी परत जाते. मग गाडी जॅकवर घ्या आणि पुढच्या स्ट्रट टॉवरभोवतीचा (सस्पेन्शन बॉडीला वर जिथे लागतं तिथला) रंग नखाने खरवडा. नवा रंग, जुनी गाडी असेल तर खाली चीर आहे असंच समजा. केजचे पाय जिथे फ्लोअरला लागतात तिथली वेल्डिंग आणि मागच्या आर्मचे माउंट टॉर्च घालून बघा. इंजिनची लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं) स्वतः समोर उभं राहून करून घ्या, इंजिन गरम असताना. रेसच्या इंजिनात ५ ते ८ टक्के ठीक, १० च्या वर गेलं की इंजिन उघडायचा खर्च किमतीतून कापा. सगळे सिलिंडर सारखेच ९ असतील तर मी एकवेळ घेईन, पण तीन सिलिंडर ५ आणि एक १२ असेल तर नाही. त्या एकाची हवा कुठून जाते ते ऐका: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गिअरबॉक्सचं ऑइल काढून मॅग्नेट बघा. राखाडी पेस्ट चालते, चकाकणारे कण चालत नाहीत.

सेफ्टीचे एक्स्पायरी खर्च लोक विसरतात. हार्नेस आणि सीटला साधारण ५ वर्षं, फ्युएल सेलच्या पिशवीला ५, अग्निशामक दर २ वर्षांनी तपासायचा. ‘सगळं सामान आहे’ असं विकणारा सांगतो तेव्हा लेबलवरचं वर्ष वाचा.

मुंबईची स्वतःची एक अडचण आहे, पावसाळा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो, ओला झाला की १५५ पर्यंत येऊ शकतो. जूनमध्ये उघडलेली बाटली ऑगस्टमध्ये ट्रॅकवर नेली की चौथ्या लॅपला पेडल जमिनीला लागतं. लहान बाटल्या घ्या, प्रत्येक रेसआधी नवी फोडा, उरलेली रोजच्या गाडीत घाला.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हो, करता येतं. मुंबईत ट्रॅक नाही हे तुम्हाला माहीतच आहे. एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स काढा आणि गाडी श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोईमतूरच्या कारीला, या दोन ट्रॅकपैकी एकाला, न्यायची तयारी ठेवा. चेन्नई १३०० किलोमीटरच्या आसपास, पुणे-कोल्हापूर-बंगळुरू करत. ट्रेलरवर गाडी चारही चाकांना पट्टे लावून बांधा, सस्पेन्शन दाबून ठेवणारे पट्टे बॉडीला लावू नका, घाटाघाटांत डॅम्परचे सील जातात. सोबत पुढचे दोन हब बेअरिंगसकट, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, एक क्लच, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, दोन सेट पॅड. उजव्या वळणांच्या ट्रॅकवर डावीकडचा पुढचा हब आधी जातो, म्हणून एकच न्यायची वेळ आली तर डावा न्या.

टायरचं प्रेशर थंड असताना २२ पीएसआयला सुरू करा, चेन्नईच्या उन्हात पाच लॅपनंतर ते २९-३० ला पोचतं की नाही बघा. पिटमध्ये आल्या आल्या प्रोबने (टायरचं तापमान मोजणारी सुई) आतली कड, मध्य, बाहेरची कड मोजा. आतली कड बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त गरम असेल तर कॅम्बर कमी करा, मध्य सगळ्यात गरम असेल तर हवा काढा. हे आकडे वहीत लिहा. दुसऱ्या वर्षी गाडी बांधाल तेव्हा हीच वही तुमचं तुलनेचं माप.

न्यायाने सांगायचं तर ट्रॅकस्टार काही उसनवारीवर चालणारी टीम नव्हती. स्मिथचं नाव टीव्हीवर रोज दिसत होतं, त्याचा प्रायोजक मिळवायला फायदा झालाच असणार. राउझसुद्धा स्वतःची टीम चालवणारा माणूस होता, त्याला कंपनीचा ड्रायव्हर म्हणणं बरोबर नाही. आणि १९९० ला वर्ग दोनच होते, आधीच्या वर्षांपेक्षा हिशेब सोपा. तरी खालच्या वर्गातला एखादा क्लेलँड गुण गोळा करत कप नेऊ शकत होता, म्हणून ग्रॅव्हेटला वरच्या वर्गात जवळजवळ दर वेळी जिंकावंच लागत होतं, आणि जिंकण्यासाठी त्याच आतल्या कडेचे टायर शेवटच्या लॅपपर्यंत जपावे लागत होते.

घ्यायची एखादी गाडी नजरेत असेल तर लीक-डाउनचे चारही आकडे आणि लॉगबुकच्या शेवटच्या दोन पानांचा फोटो टाका, घ्यावी की नाही ते सांगतो.