नव्या बाइकला क्रॅश गार्ड कुठला बसवावा? पुण्यात कुठे मिळेल?

नाना पेठेत भरपूर मिळतील, पण चकाकीवर जाऊ नका. गार्ड कुठे बसतं ते बघा. चेसिस (गाडीचा सांगाडा) किंवा इंजिन माउंटच्या (इंजिन सांगाड्याला जोडणाऱ्या) बोल्टांवर, एकाहून जास्त ठिकाणी पकड हवी. एकाच बोल्टवर लटकणारं गार्ड गाडी आडवी झाली की आत वळतं आणि इंजिनचं कव्हरच फोडू शकतं. मग ते लावून उपयोग काय? बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचा शॉकअप दाबा. चाक किंवा मडगार्ड कुठेही घासायला नको. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या, काही दिवसांनी पुन्हा तपासा.

फॉग लाइट लावणार असाल तर वेगळा रिले (लाइटचा करंट सांभाळणारा स्विच), फ्यूज घ्या. मूळ वायरिंग कापू देऊ नका, वॉरंटीचा वांधा होतो.