स्वभाव लिहिण्याआधी इतिहास विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पुन्हा एकदा वाचले. दर दोन-तीन मिनिटांनी वही घेऊन टेबलाशी येणारा आणि "बरोबर आहे का?" असे विचारत राहणारा तो बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही. वही तासिकेच्या शेवटीच तपासली जाईल हा नियम लावून महिना उलटला, बाकीची मुले त्याला सरावली, हा मात्र सरावला नाही. म्हणून त्याच्या नोंदीत तू 'स्वभावतः परावलंबी' असा शेरा मारलास. तुझी तळमळ मला ठाऊक आहे, तरीही स्पष्ट लिहितो, तो शेरा आधी खोड. स्वभाव लिहिण्याआधी इतिहास विचारायचा, हे मी तुम्हाला वर्गात किती परींनी सांगितले होते!

हॅरॉल्ड वायनर यांचा १९६४ चा प्रयोग आठव. गुण मिळवण्यासाठी प्रौढ माणसांना कळ दाबायची होती. काहींना आधी अशा योजनेचा सराव दिला होता की जितके भराभर दाबावे तितके गुण लवकर मिळत. इतरांच्या योजनेत मध्ये पुरेसे थांबल्यावाचून गुण मिळतच नसत. पुढे दोघांनाही एकच नवी योजना लागू झाली, ज्यात ठरावीक काळ लोटल्यानंतरच्या पहिल्या दाबाला तेवढा गुण मिळे आणि मधले सारे दाबणे फुकट जाई. तरीही पहिली माणसे भराभर दाबत राहिली आणि दुसरी संथपणे. नियम तोच, मोबदला तोच, वर्तन मात्र निराळे. आणि हा फरक त्यांच्या पूर्वीच्या प्रबलनातून, म्हणजे आधी कोणत्या वर्तनाला मोबदला मिळत आला त्यातून, आलेला होता. तुझ्या वर्गातला नियम जवळपास असाच आहे. मग बाकीची मुले शांत बसतात यावरून या मुलाच्या स्वभावाविषयी काय सिद्ध झाले? काहीही नाही. आधी त्याचा इतिहास विचार.

आणखी एक गोष्ट तुझ्याच पत्रात आहे, पण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला कंटाळून तू "हो, बरोबर आहे, जा" असे म्हणतेस. लॉईड हम्फ्रीज यांनी १९३९ मध्ये माणसांच्या पापण्यांच्या अभिसंधित, म्हणजे सरावाने जडवलेल्या, प्रतिक्रियेवर दाखवले की दर खेपेला प्रबलन मिळालेल्या प्रतिक्रियेपेक्षा अधूनमधून मिळालेली प्रतिक्रिया विलोपनाला, म्हणजे प्रबलन बंद झाल्यावर विरत जाण्याला, अधिक काळ दाद देत नाही. तुझा तो अधूनमधूनचा होकार त्या मुलाला चिकाटी शिकवतो आहे, आणि बहुधा घरी किंवा शिकवणीला कुणीतरी वर्षानुवर्षे हेच केले असणार. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. दमलेले माणूस असेच करते. आई-वडिलांना दोष देण्यासाठी इतिहास विचारायचा नसतो, हेही ध्यानात ठेव.

या एका आग्रहापायी माझ्या नोकरीत मला हटवादी ठरवले गेले. मुलाच्या प्रवेशाच्या अर्जात 'या वर्तनानंतर आजवर काय घडत आले' असा एक रकाना असावा, एवढेच मी मागत होतो. पालक दुखावतील आणि वेळ जाईल, ही कारणे देऊन ते नाकारले गेले. मी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहीत राहिलो, आणि तसेच करायला हवे होते असे आजही मला वाटते. 'आळशी', 'हट्टी' एवढ्या एका शब्दावर बंद झालेल्या इतर मुलांच्या फायली मात्र अजून मनाला सलतात, कारण त्या शब्दांपुढे कुणी काही शोधलेच नाही.

आता कामाचे. नुसता होकार बंद करशील तर सुरुवातीला तो अधिक वेळा उठून येईल; तेव्हा डगमगलीस तर आजवरच्यापेक्षाही चिवट सवय लावशील. म्हणून त्याला पर्याय दे. उत्तरांचा कागद त्याच्या बाकावर ठेव, एक गणित स्वतः ताडून पाहिले की तो उठण्यापूर्वीच तूच त्याच्यापाशी जा आणि तिथे शाबासकी दे. मग एकाची दोन गणिते कर, दोनाची चार. दिवाळीच्या सुट्टीनंतर जुनी सवय पुन्हा डोके वर काढील. विलोपनाने पूर्वीचे शिकणे पुसले जात नाही, त्यामुळे तेव्हा सारे वाया गेले असे समजून मला हताश पत्र लिहू नकोस. पुन्हा एका गणितापासून सुरू कर.

पण त्याही आधी येत्या शनिवारी त्याला घ्यायला येणाऱ्या आजीशी निवांत बोल. घरी तो असे विचारतो तेव्हा कोण उत्तर देते, कितव्या खेपेला देते आणि उत्तर चुकले तर पुढे काय होते, हे तिच्याच शब्दांत टिपून मला पाठव.

तुझे सर