घर दिलं, पण कुठे दिलं?

प्रश्न : ताई नमस्कार, मुलगा आयटीत आहे, चेक देशातल्या ब्रनोला असतो, आम्ही दोघं तीन महिने राहून आलो. तो फ्लॅट शोधत होता तेव्हा एजंटने मोबाईलवरच्या नकाशावर एक भाग अंगठ्याने झाकला आणि म्हणाला, हा सोडून कुठेही बघा. का ते सांगेना. मग कळलं तिथे रोमा लोक राहतात, म्हणजे आपण ज्यांना जिप्सी म्हणतो ते, शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेलेले. त्याच भागात रोमांचं म्युझियम आहे, आम्ही हट्टाने गेलो. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, कानाला कान, केसाला बाल, अंगावर काटाच आला हो. माझा प्रश्न असा की युरोपियन युनियन या लोकांसाठी इतका पैसा देतं म्हणतात, मग अजून यांच्या वस्त्या वेगळ्या का? आणि त्यांना कोणी काही विचारतं का, की नुसतं वरून ठरतं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : काकू, त्या एजंटच्या अंगठ्यातच अर्धं उत्तर आहे. रोमाला घर नाकारायला हल्ली कायदा लागत नाही, कायदा तर उलट बाजूने आहे, पण एजंट, घरमालक, सोसायटी, नगरसेवक असे सगळे एकेक अंगठा ठेवतात आणि नकाशाचा एक तुकडा झाकला जातो.

तुम्ही ज्या देशात राहून आलात तिथलंच उदाहरण घ्या. ऊस्ती नाद लाबेम नावाचं शहर, मातिच्नी नावाची गल्ली. एका बाजूला नगरपालिकेच्या इमारतीत रोमा कुटुंबं, समोर बाकीच्यांची बैठी घरं. समोरच्यांची तक्रार की आवाज होतो, कचरा होतो. नगरपालिकेने काय केलं, तर 13 ऑक्टोबर 1999 ला मधे भिंतच घातली! जगभर बोंब झाली, बर्लिनची भिंत पडून दहा वर्षं होत होती आणि इथे नवी उभी, शेवटी 24 नोव्हेंबरला ती काढली. आता गंमत ऐका. केंद्र सरकारने शहराला जे पैसे दिले त्यातले काही समोरच्या तक्रारवाल्यांची घरं विकत घ्यायला गेले. म्हणजे भिंत गेली आणि शेजारीही गेले. रोमा होते तिथेच. मला विचाराल तर वस्ती वेगळी कशी होते हे समजायला ही एक गल्ली पुरे.

आता युनियन काय करतं ते. युनियनमध्ये साधारण 60 लाख रोमा आहेत, अख्ख्या युरोपात 1 कोटीच्या वर. 2021 मध्ये युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने दहा देशांत सर्व्हे केला, त्यात 52 टक्के रोमा लोक राहायला नीट नाही अशा घरात, म्हणजे गळकं, अंधारं, संडास-बाथरूम नसलेलं वगैरे, आणि 22 टक्के लोकांच्या घरात नळ नाही. रोमांची परिस्थिती सुधारायची म्हणून आधी काही सरकारांनी 2005 ते 2015 असं रोमा दशक पाळून झालं, मग 2011 ची युरोपियन चौकट, म्हणजे देशांनी रोमांसाठी काय करायचं याचा आराखडा, मग 2020 ला पुढच्या दहा वर्षांची नवी. नव्या चौकटीच्या नावातच समता, समावेश आणि सहभाग असे तीन शब्द आहेत. तो तिसरा शब्द काही आपोआप आलेला नाही, आमच्याबद्दल काहीही आमच्याशिवाय नको असं रोमा कार्यकर्ते वर्षानुवर्षं ओरडत होते तेव्हा आला.

मग विचारतं का कोणी? वर विचारतात की. स्पेनमध्ये 2005 पासून सरकारला सल्ला देणारी एक परिषद आहे, निम्मे सरकारी आणि निम्मे रोमा संघटनांचे, वीस-वीस. हंगेरीत 1993 च्या कायद्याने रोमांच्या निवडून आलेल्या स्वशासन संस्था आहेत. चेकमध्ये तर 2022 च्या डिसेंबरात पहिल्यांदा सरकारने रोमांसाठी आयुक्त नेमला आणि तिथे बसल्या लुत्सिए फुकोवा, स्वतः रोमा. युनियनचं म्हणणं आहे की किमान 90 बिगरसरकारी संस्थांनी मिळून सरकारांच्या कामावर लक्ष ठेवावं. हे सगळं खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, त्या संस्थांचे अहवाल वाचले की सरकारी अहवालात जे नसतं ते सापडतं. पण यातल्या बऱ्याच जागा सल्ला देण्याच्या आहेत, ऐकलंच पाहिजे असं कोणावर नाही. आणि घर ही गोष्ट युनियनच्या ब्रसेल्समधल्या ऑफिसात ठरतच नाही ना. कुठला प्लॉट, कोणाला वाटप, यादीत नाव कसं लागणार हे ठरतं नगरपालिकेत. तिथे महापौराला पुढची निवडणूक दिसत असते. त्यात स्थानिक रोमा संस्थेचं भाडंसुद्धा त्याच नगरपालिकेच्या प्रोजेक्टमधून निघत असेल तर ती टेबलावर हात आपटून बोलणार कशी?

क्लुझचं सांगते, रोमानियातलं मोठं, श्रीमंत शहर. 17 डिसेंबर 2010, कडाक्याची थंडी, कोस्तेई नावाच्या मध्यवर्ती रस्त्यावरून 76 रोमा कुटुंबं उठवली. लोक नोकरीला जात होते, पोरं जवळच्या शाळेत होती. नेलं कुठे, तर पाता रात, शहराच्या कचराडेपोशेजारी. 40 कुटुंबांना तयार खोल्या मिळाल्या, चार कुटुंबांत एक बाथरूम, आणि 36 कुटुंबांना तेही नाही, त्यांनी स्वतः झोपड्या घातल्या. कागदावर बघाल तर नगरपालिका म्हणू शकते, घरं दिली की! म्हणून कोणी घरांचा आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न, बसस्टॉप किती लांब आहे?

पण ती माणसं गप्प बसली नाहीत. कोस्तेईवाल्यांनी स्वतःची संघटना काढली, मोर्चे काढले, कोर्टात गेले, आंतरराष्ट्रीय संस्थांना बोलावून कचऱ्याचा डोंगर दाखवला. मग 2014 ते 2017 मध्ये नॉर्वेच्या पैशातून एक प्रोजेक्ट झाला आणि 35 कुटुंबं पाता रातमधून बाहेर पडली, शहरात आणि आसपासच्या गावांत, इतर लोकांच्या मधोमध घरं मिळाली. 35 म्हणजे फारच कमी, तिथे दीड हजाराच्या आसपास लोक राहत होते. तरी होऊ शकतं एवढं दिसलं. त्याच शहरात सरकारी घरांच्या वाटपात शिक्षणाला गुण होते, जितकं जास्त शिक्षण तितके जास्त गुण. ऐकायला काय वाईट आहे? पण ज्याची शाळाच सुटलेली तो यादीत कायम तळाला, आणि घराची गरज सगळ्यात जास्त त्यालाच. हे चांगल्या मनाच्या ऑफिसरच्या लक्षात येणार नाही, तळाला उभा असलेला माणूस मात्र दोन मिनिटांत दाखवेल. सहभाग म्हणजे मी एवढंच समजते, नियमाचा कच्चा मसुदा असताना त्या माणसाला खुर्ची.

प्रश्न : ताई, मी भटक्या समाजातला, आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत जन्मले. आम्हाला पण वसाहत बांधून देतात, पण गावाबाहेर आणि सगळे एकाच जागी. काही कार्यकर्ते म्हणतात एकत्र आहोत म्हणून मतं आहेत, पांगलो तर कोण विचारणार. रोमांमध्ये पण असं म्हणतात का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : म्हणतात दादा, आणि ते चूक नाही. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची तार 1952 ला कायद्याने गेली, पण तुमच्या आजोबांना एकत्र राहायचं की नाही हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं आणि आता तुम्हालाही विचारलेलं दिसत नाही. युरोपात याची उलटी बाजूही झालीय. हंगेरीतल्या मिश्कोल्त्स शहराने 2014 मध्ये गरीब वस्तीतल्या, बहुतेक रोमा, भाडेकरूंना सांगितलं की घर सोडा, पैसे घ्या, पण त्या पैशातून घर शहराच्या हद्दीबाहेरच घ्यायचं. वस्ती मोडली म्हणायला मोकळे! पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो नियम रद्द केला. नाहीतर वस्ती मोडणं या चांगल्या शब्दाखाली माणसं शहरातूनच पुसली गेली असती.

त्यामुळे एकत्र की वेगवेगळं यावर मी बाहेरून निकाल देणार नाही. स्वतःहून मामा-काकांच्या शेजारी राहणं वेगळं, आणि दुसरीकडे कोणी घरच देत नाही म्हणून एका जागी साठणं वेगळं. दोन्ही बाहेरून सारखं दिसतं. तुमच्या वसाहतीचा प्लॉट ठरला त्या मीटिंगची कागदपत्रं माहिती अधिकारात मागा, हजेरीच्या पानावर समाजातलं कोण होतं ते बघा. कोणीच नसेल तर तुमचा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : जिप्सी म्हटलं तर चालतं का? आपल्याकडे तर किती रोमँटिक शब्द आहे.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपल्याकडे असेल, त्यांच्यात बऱ्याच जणांना तो शिवीसारखा लागतो. ते इजिप्तहून आले अशा गैरसमजातून इंग्रजीत तो शब्द पडला. 8 एप्रिल 1971 ला लंडनजवळ पहिली जागतिक रोमा काँग्रेस भरली तेव्हा त्यांनी रोमा हे नाव आणि झेंडा ठरवला, वर निळा, खाली हिरवा, मधे लाल चाक. ब्रिटनमध्ये काही जण मात्र स्वतःला अभिमानाने जिप्सीच म्हणवतात, त्यामुळे समोरच्यालाच विचारा तुम्हाला काय म्हणू, आणि सांगलीच्या काकूंसारखं पानी म्हणून बघा, हसतील.